दहा मतांनी निवडून आलेला महापौर : बर्नी सँडर्स आणि बर्लिंग्टनची आठ वर्षं

रेवाकाठ (धागाकर्ती)

अमेरिकेतले समाजवादी सिनेटर बर्नी सँडर्स यांच्याबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते जवळपास सगळं २०१६ नंतरचं. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन यांच्याशी झालेली लढत, २०२०मधली माघार, मोफत शिक्षण आणि सर्वांना आरोग्यसेवा या मागण्या. त्यांच्या कारकिर्दीचा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र कायम दोन ओळींत उरकला जातो. १९८१ ते १९८९ हा माणूस बर्लिंग्टनचा महापौर होता. व्हर्मॉन्ट राज्यातलं हे सगळ्यांत मोठं शहर, पण १९८०च्या जनगणनेत लोकसंख्या ३८ हजारांच्या आतच. आपल्याकडे एवढ्या वस्तीला 'क' वर्ग नगरपरिषद मिळते. पुढे देशभर गाजलेलं त्यांचं राजकारण इथेच आधी तावून सुलाखून निघालं असं माझं ठाम मत आहे, म्हणून हा धागा.

आधीची पार्श्वभूमी थोडक्यात. जन्म १९४१, ब्रुकलिन. वडील पोलंडहून आलेले, रंग विकण्याचं काम करणारे. शिकागो विद्यापीठातून १९६४ला पदवी आणि १९६८च्या सुमारास व्हर्मॉन्टला मुक्काम. तिथे सुतारकाम, लेखन, शाळांसाठी छोटे माहितीपट असं मिळेल ते काम. १९७२ ते १९७६ या काळात 'लिबर्टी युनियन' नावाच्या छोट्या पक्षाकडून चार निवडणुका लढवल्या, दोन सिनेटच्या, दोन गव्हर्नरपदाच्या. चारही हरले. सगळ्यांत चांगली कामगिरी १९७६ची, साधारण ६ टक्के मतं. त्यानंतर पक्षही सोडला.

पुढे मित्रांनी जुने आकडे समोर ठेवले. राज्यभर मतं नगण्य असली तरी बर्लिंग्टनच्या कामगार वस्त्यांत ती बरीच जास्त पडली होती. मग राज्य सोडून गाव का लढवू नये? १९८१ला ते अपक्ष म्हणून उभे राहिले. समोर गॉर्डन पॅकेट, पाच वेळा निवडून आलेले डेमोक्रॅट महापौर. ते इतके निर्धास्त की रिपब्लिकन पक्षाने उमेदवारसुद्धा दिला नव्हता. पॅकेट यांना घरपट्टी वाढवायची होती आणि शहरालगतच्या शॅम्पलेन तळ्याकाठच्या जागेवर महागड्या इमारतींचं घाटत होतं. सँडर्स दारोदार फिरले. भाडेकरू, सरकारी वसाहतींत राहणारे, विद्यापीठातली मंडळी अशी मोट बांधली. शेवटच्या टप्प्यात पोलिसांच्या संघटनेने त्यांना पाठिंबा दिला. एका समाजवाद्याला पोलिसांचा पाठिंबा, कारण त्यांच्या पगाराची आणि कामाच्या तासांची विचारपूस करणारा तो पहिलाच उमेदवार होता.

३ मार्च १९८१ला मतदान झालं. फेरमतमोजणीनंतर फरक उरला दहा मतांचा. ४३३० विरुद्ध ४३२०.

घाटवाट

धागा आवडला. दहा मतं म्हणजे दोन-तीन कुटुंबं इकडची तिकडे! आपल्याकडे नगरसेवकाच्या निवडणुकीत एका-दोन मतांनी निकाल लागतात, पण महापौर?

एक विचारायचं होतं. त्यांच्याकडे महापौराला अधिकार किती असतात? आपल्या महानगरपालिकांत महापौर सभा चालवतो, मान त्याला, पण कारभार आयुक्ताच्या हातात. तिथेही तसंच असेल तर आठ वर्षांत एवढं काय करता आलं?

रेवाकाठ

@घाटवाट, कळीचा मुद्दा. बर्लिंग्टनचा महापौर थेट जनतेतून येतो, तेव्हा मुदत दोन वर्षांची होती. पण अधिकार तुटपुंजे. खातेप्रमुखांच्या नेमणुकांना सभागृहाची मंजुरी लागते, आणि बरीच खाती नागरिकांच्या आयोगांकडे असतात, ते आयोगही सभागृहच नेमतं. सभागृहात १३ नगरसेवक. त्यातले सँडर्स यांच्या बाजूचे किती? दोन. टेरी ब्यूरिशिअस आणि सेडी व्हाइट.

बाकीच्यांनी पहिल्या वर्षी काय केलं ते वाचा. सँडर्स यांनी सुचवलेली नावं एकगठ्ठा फेटाळली. त्यांच्या सचिवाला कामावरून काढलं. जुने अधिकारी तसेच ठेवून त्यांच्यामार्फत नव्या महापौराने शहर चालवावं अशी अपेक्षा. दोन वर्षांत हा माणूस कंटाळून जाईल, पुढच्या निवडणुकीत आपलं गाव आपल्या ताब्यात, असा हिशोब होता.

सँडर्स यांनी बाहेरच्या माणसांना गोळा केलं. दिवसभर आपापली नोकरी करणारे लोक संध्याकाळी जमून शहराच्या अर्थसंकल्पावर, घरांवर, तळ्याकाठावर फुकट काम करत. आणि १९८२ला सभागृहाच्या निवडणुका आल्या तेव्हा ते पुन्हा दारोदार गेले, या वेळी स्वतःसाठी नाही, आपल्या विचाराच्या उमेदवारांसाठी. बाजूचे नगरसेवक पाच झाले. बहुमत नाहीच, पण १३ पैकी ५ असले की महापौराचा व्हेटो (नकाराधिकार) उलटवता येत नाही. तिथून समोरच्यांना बोलणी करणं भाग पडलं.

नगरपालिका_निवृत्त

रेवाकाठताई, हे वाचून अंगावर काटा आला. मी एका नगरपरिषदेत लेखा विभागात नोकरी केली, गावाचं नाव नको. थेट निवडून आलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, ही परिस्थिती मी टेबलाच्या या बाजूने पाहिली आहे. विषयपत्रिकेवरचा प्रत्येक विषय तहकूब. पाणीपुरवठ्याच्या मोटारीच्या दुरुस्तीचा ठराव तीन सभांमध्ये लटकला, कारण श्रेय कोणाला जाईल यावर भांडण. तोवर वरच्या आळीत टँकर. लोक शिव्या द्यायचे ते समोर दिसणाऱ्या नगराध्यक्षाला. अडवणूक करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

म्हणून विचारतो, पैशाचं काय केलं त्यांनी? कारभाराची खरी परीक्षा तिथे.

रेवाकाठ

काका, तुम्हाला आवडेल असाच भाग आहे हा. १९८२नंतर नवे खजिनदार आले, जोनाथन लिओपोल्ड. त्यांनी जुन्या वह्या उघडल्यावर सुमारे १९ लाख डॉलरची शिल्लक सापडली, जी आधीच्या कारभाऱ्यांच्या हिशोबात आलेलीच नव्हती. म्हणजे एकीकडे घरपट्टी वाढवायची भाषा आणि दुसरीकडे स्वतःच्या तिजोरीत किती आहे याचा पत्ता नाही.

दुसरं, विमा. शहराचा विमा वर्षानुवर्षं ठरलेल्या स्थानिक मंडळींकडे, निविदा न काढता. सँडर्स यांनी निविदा मागवल्या आणि खर्च बराच खाली आला. रस्ते खोदणाऱ्या वीज-टेलिफोन कंपन्यांनी शहराला त्याचे पैसे द्यावेत यासाठी भांडले, हॉटेल आणि खाणावळींवर कर आणला. हेतू एकच, घरपट्टीवरचा भार कमी करायचा, कारण म्हाताऱ्या घरमालकाचं उत्पन्न वाढत नाही, घरपट्टी वाढते.

यात समाजवाद कुठे आहे असं कोणी विचारेल. माझ्या मते इथेच आहे. गरिबांसाठी खर्च करायचा तर आधी तिजोरीची गळती थांबवायला हवी, आणि ती थांबवली की तुम्हाला मत न देणारा दुकानदारही तुमचं ऐकून घेतो. १९८३ला तिरंगी लढत झाली, मतदान १९८१पेक्षा खूप वाढलं आणि सँडर्स निम्म्याहून जास्त मतं घेऊन निवडून आले. १९८५ला पुन्हा. १९८७ला तर दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून एकच उमेदवार पुढे केला, पॉल लाफायेट, तरीही जिंकले.

नगरपालिका_निवृत्त

निविदेचा मुद्दा वाचून मन भरून आलं. आपल्याकडे लोक भाषणं लक्षात ठेवतात. निविदा उघडताना समोर कोण बसलं होतं हे कोणी विचारत नाही.

अवनी_उत्तरेकडून

मी याच भागात राहते, बर्लिंग्टनला येणं-जाणं नेहमीचं, म्हणून तळ्याकाठाबद्दल लिहिते.

शॅम्पलेन तळं प्रचंड आहे, पलीकडे न्यूयॉर्क राज्यातले अ‍ॅडिरोंडॅक डोंगर. शहर उतारावर वसलेलं, रस्ते खाली पाण्याकडे जातात. आज खाली उतरलं की हिरवळ, लाकडी फळ्यांचा रस्ता, झोके, आणि जुन्या रेल्वेच्या वाटेवरून काठाकाठाने जाणारा सायकलमार्ग. उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिथे शहरातली सगळ्या थरांतली माणसं दिसतात. निर्वासित म्हणून आलेली नेपाळी आणि सोमाली कुटुंबं डबे घेऊन बसलेली असतात, शेजारी विद्यापीठाची मुलं. आत यायला तिकीट नाही. १९८०च्या आसपास हाच काठ म्हणजे तेलाच्या टाक्या, गंजलेले रूळ आणि तारेची कुंपणं असा होता.

हे कसं घडलं ते सरळ नाही, आणि रेवाकाठ यांनी ते नक्की लिहावं. सँडर्स यांनीच आधी एका मोठ्या विकासकाच्या योजनेला पाठिंबा दिला होता ना?

रेवाकाठ

हो, अल्डेन कंपनीची योजना. सँडर्स यांची घोषणा होती 'बर्लिंग्टन विकाऊ नाही', आणि तरी त्यांनी या योजनेला पाठिंबा दिला, कारण वाटाघाटींतून सार्वजनिक रस्ता, बाग, नौकांचा धक्का असं बरंच पदरात पाडून घेतलं होतं. सोबत हॉटेल आणि घरं. १९८५च्या डिसेंबरमध्ये त्यासाठीच्या कर्जरोख्यांवर मतदान झालं. निम्म्याहून जास्त लोक 'हो' म्हणाले, पण लागत होतं दोन-तृतीयांश. योजना पडली. पाडणाऱ्यांत त्यांचेच डावीकडचे आणि पर्यावरणवादी सहकारी पुढे होते.

मला त्यांचा मोठेपणा यानंतरच्या वागण्यात दिसतो. लोकांचा कौल पाहून त्यांनी दिशा बदलली. काठाची बरीचशी जमीन मुळात तळ्यात भराव घालून केलेली, एकोणिसाव्या शतकात रेल्वेसाठी. शहर आणि राज्य कोर्टात गेले, मुद्दा असा की तळं जनतेचं, भरावाची परवानगी सार्वजनिक उपयोगासाठी, मग रेल्वे ती जागा खासगी बांधकामासाठी कशी विकणार? १९८९ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन सार्वजनिक उपयोगाच्या अटीने बांधलेली आहे असा निकाल दिला. तोवर सँडर्स पायउतार झाले होते. बाग प्रत्यक्षात आणली त्यांच्यानंतरचे महापौर पीटर क्लाव्हेल यांनी.

२६ मे २०१५ला सँडर्स यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचाराची पहिली मोठी सभा घेतली ती याच बागेत.

सडेतोड_बोल

लेखन चांगलं आहे, पण आरती होऊ नये म्हणून दुसरी बाजू मांडतो.

एक, ३८ हजार वस्तीच्या गावाच्या महापौराला परराष्ट्र धोरण कशाला? १९८५ला निकाराग्वाला जाऊन आले, तिथल्या पोर्तो काबेसास शहराशी भगिनी-शहर करार. १९८८ला सोव्हिएत संघात यारोस्लाव्हलला, तेही लग्नानंतर लगेच. निकाराग्वाचे तेव्हाचे अध्यक्ष ओर्तेगा यांच्याबद्दल तेव्हा जे चांगलं बोलले त्याचा हिशोब पुढे लोकांनी मागितला, आणि मागायलाच हवा होता.

दोन, शांततावादी म्हणवतात, पण गावात जनरल इलेक्ट्रिकचा बंदुका बनवणारा कारखाना होता. १९८३ला त्यासमोर निदर्शनं झाली तेव्हा महापौर कामगारांच्या बाजूने उभे राहिले आणि निदर्शकांना अटक झाली. पुढे बर्लिंग्टनच्या विमानतळावर एफ-३५ लढाऊ विमानं आणायलाही त्यांचा पाठिंबा. १९९३च्या बंदूक-नियंत्रणाच्या ब्रॅडी कायद्याविरुद्ध मत. तत्त्वनिष्ठ, तत्त्वनिष्ठ म्हणून जे चित्र उभं केलं जातं त्यात हे कुठे बसतं?

रेवाकाठ

@सडेतोड_बोल, तुमचे तपशील बरोबर आहेत. ओर्तेगांबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. त्या राजवटीने पुढे जे केलं ते पाहता ते कौतुक टिकत नाही.

कारखान्याबाबत मात्र मी सँडर्स यांच्या बाजूने बोलेन. त्यांचं म्हणणं होतं की शस्त्रं बनवायचा निर्णय वॉशिंग्टनचा, मग शिक्षा तासाच्या पगारावर काम करणाऱ्या माणसाला का? दाराशी अडवायचं तर निर्णय घेणाऱ्यांना अडवा. पटो न पटो, त्यामागे सुसंगत विचार आहे, कारण त्यांच्या राजकारणाचा पाया कामगार आहे. शांतता चळवळीतल्या मित्रांचा रोष त्यांनी त्यासाठी पत्करला. एफ-३५बद्दल मला तेवढं समाधानकारक उत्तर सापडत नाही. विमानांचा आवाज ज्या वस्त्यांवरून जातो तिथे त्यांचेच मतदार राहतात.

घाटवाट

घरांचं काहीतरी मोठं काम झालं म्हणतात ते काय? भाडेकरूंच्या जोरावर निवडून आलेला माणूस, त्यांना काय मिळालं?

रेवाकाठ

माझ्या मते आठ वर्षांतलं सगळ्यांत टिकाऊ काम हेच. १९८४ला शहराने २ लाख डॉलर देऊन एक 'कम्युनिटी लँड ट्रस्ट' उभा केला. पद्धत अशी की जमीन ट्रस्टची, वरचं घर तुमचं. जमिनीची किंमत वगळल्यामुळे घर शिक्षिकेला, बसचालकाला परवडतं. विकायची वेळ आली की तुम्ही फेडलेलं मुद्दल आणि केलेल्या सुधारणांचे पैसे तुमचे, वर घराची जी किंमत वाढली असेल तिचा चौथा हिस्सा तुम्हाला. उरलेला घरातच राहतो, म्हणजे पुढच्या माणसालाही ते स्वस्तात मिळतं. एकदा दिलेलं अनुदान पहिल्याच विक्रीत उडून जात नाही.

सुरुवातीला विरोध कडवा. घर तुमचं आणि जमीन नाही, हे अमेरिकेत ऐकायलाच विचित्र. इस्टेट एजंट खवळले. पण संस्था वाढत गेली, २००६ला दुसऱ्या गृहसंस्थेत मिसळून 'शॅम्पलेन हाउसिंग ट्रस्ट' झाली, २००८ला तिला 'वर्ल्ड हॅबिटॅट' पुरस्कार मिळाला. आज ती देशातल्या अशा सर्वांत मोठ्या संस्थांत गणली जाते.

नॉर्थगेटचंही सांगते. ३३६ सदनिकांची वसाहत, केंद्राच्या अनुदानामुळे भाडं कमी. मालकाला मुदतीआधी कर्ज फेडून भाडं बाजारभावाला नेता येणार होतं, म्हणजे शेकडो कुटुंबं रस्त्यावर. महापालिका आणि भाडेकरूंच्या संघटनेने मिळून अनेक ठिकाणचा पैसा जमवला आणि वसाहत वाचवली.

अवनी_उत्तरेकडून

ट्रस्टच्या घरात राहणारी एक मैत्रीण आहे, शाळेत मदतनीस. ती सांगते, कागदपत्रं करताना पहिला प्रश्न प्रत्येक जण विचारतो, मग जमीन माझ्या मुलांची होणार का? तिला समोर बसवून भाडेपट्टा वाचून दाखवला, मुलांना घर वारशाने मिळतं हे कलम बोट ठेवून दाखवलं, मग तिने सही केली. भाड्याच्या खोल्या बदलत राहण्यात तिची आधीची वर्षं गेली होती. आता मुलगा पहिलीपासून एकाच शाळेत आहे.

मात्र हेही सांगायला हवं की आज बर्लिंग्टनमध्ये भाडी भयंकर आहेत आणि रस्त्यावर झोपणारे लोक वाढलेत. ट्रस्टची यादी लांबलचक आहे. एक संस्था सगळ्या गावाचा भार उचलू शकत नाही.

घाटवाट

महापौरपदानंतर थेट सिनेट का?

रेवाकाठ

नाही, मध्ये बरेच खाचखळगे. १९८६ला महापौर असतानाच गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, तिसरे आले. १९८८ला अमेरिकी काँग्रेसच्या लोकप्रतिनिधीगृहासाठी लढले, रिपब्लिकन पीटर स्मिथ जिंकले, पण सँडर्स दुसरे आणि डेमोक्रॅट उमेदवार खूप मागे तिसरा. त्या निकालाने गणित बदललं. तोवर 'सँडर्सला मत म्हणजे मत वाया' असं म्हटलं जायचं, आता ते वाक्य डेमोक्रॅटांना लागू झालं. १९९०ला त्याच स्मिथ यांना त्यांनी मोठ्या फरकाने हरवलं. त्यात बंदूकवाल्यांच्या संघटनेचाही हात होता, कारण स्मिथ यांनी लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदीला पाठिंबा दिला होता आणि संघटना त्यांच्यावर चिडली होती. @सडेतोड_बोल यांच्या मुद्द्याचा धागा इथे जुळतो.

मग १६ वर्षं लोकप्रतिनिधीगृह, २००७पासून सिनेट. २०१४ला रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅक्केन यांच्याबरोबर माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेचा कायदा मंजूर करून घेतला. एवढ्या उजव्या सहकाऱ्याबरोबर समझोता त्यांनी कसा केला याचं लोकांना नवल वाटलं. ज्याने ११ विरोधी नगरसेवकांबरोबर अर्थसंकल्प मंजूर करून घेतले त्याला ते जमणारच.

सडेतोड_बोल

एवढं मान्य. शेवटचा प्रश्न. बर्लिंग्टनमध्ये मागे संघटना राहिली की माणूस गेला आणि सगळं संपलं? आपल्याकडे नेता आमदार झाला की गावात फक्त फलक उरतात.

रेवाकाठ

राहिली, आणि हेच मला सर्वांत मोलाचं वाटतं. १९८९ला सँडर्स स्वतः उभे राहिले नाहीत, त्यांच्या कारभारात आर्थिक विकासाचं खातं सांभाळणारे क्लाव्हेल निवडून आले. १९९३ला हरले, १९९५ला परत आले, २००६पर्यंत राहिले. त्या गटातूनच पुढे राज्यपातळीवरचा प्रोग्रेसिव्ह पक्ष झाला आणि विधिमंडळात त्याचे सदस्य आजही आहेत. मध्ये २०१२ ते २०२४ महापौरपद डेमोक्रॅटांकडे गेलं, २०२४ला प्रोग्रेसिव्ह एमा मलव्हेनी-स्टॅनाक निवडून आल्या, बर्लिंग्टनच्या पहिल्या महिला महापौर.

गंमत म्हणजे सँडर्स स्वतः या पक्षाचे रीतसर सदस्य कधी झाले नाहीत. सिनेटसाठी डेमोक्रॅटांची प्राथमिक निवडणूक जिंकतात, उमेदवारी नाकारतात आणि अपक्ष म्हणूनच मतपत्रिकेवर येतात. २०२४लाही तसेच आले, वयाच्या ८३व्या वर्षी, आणि चौथ्यांदा सिनेटवर गेले.

नगरपालिका_निवृत्त

ताई, क्लाव्हेल यांच्यावर स्वतंत्र धागा काढा. पुढाऱ्याच्या मागे राहून खातं चालवणाऱ्या माणसाबद्दल मराठीत कोणी लिहीत नाही. आणि जमिनीच्या ट्रस्टचा भाडेपट्टा कसा असतो, कलमांसकट, तेही त्यात घ्या. आमच्याकडच्या दोन नगरसेवकांना मला ते वाचायला द्यायचं आहे.